भुलाबाईचा रिकामा डबा

तो सिनेमा तुम्ही पाहिलेला आहे आणि त्यात रडलेलेही आहात. काळा-पांढरा, जुना, शेवटी नायिका मरते तो. मी नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की लोक डोळे पुसायला लागतात आणि माझं ऐकायचं राहून जातं. ज्या कादंबरीवरून तो काढला, तिचा लेखक कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तकावरचं नाव टोपण होतं. साधं पुरुषी नाव, आमच्या आर्वीच्या बाजारात हाक मारली तर चौघं वळून पाहतील असं. त्या एका पुस्तकानंतर त्यानं काही लिहिलं नाही. दिवाळी अंकवाले अधूनमधून ‘तो कोण होता’ म्हणून लेख छापायचे. कोणी म्हणे संन्यास घेतला, कोणी म्हणे मोठा सरकारी अधिकारी होता, म्हणून लपला.

तो आमच्या घरात पोळ्या लाटत होता. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. आमचं सरकी-ढेपेचं दुकान, मागे एकत्र घर, आणि घरात जेवणारी तोंडं इतकी की बाईला मान वर करायला सवड नाही. त्यात तिनं कधी लिहिलं असेल हे मला अजून समजत नाही.

मला कळलं ते नव्वदच्या दशकात, एका रविवारी. मी वर्ध्याला कॉलेजात होते, सुटीला घरी आले होते. मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, तोवर वारले होते. टीव्हीवर तो सिनेमा लागला आणि सगळं घर समोर बसलं. मोठी आई मागे तुरीची डाळ निवडत होती. पडद्यावर पोरी फेर धरून नाचू लागल्या, मध्ये पाटावर हत्तीचं चित्र.

“हत्ती कुठून आणला यायनं?” मोठी आई म्हणाली.

कोणी लक्ष दिलं नाही. हत्ती तिकडे पुण्या-साताऱ्याकडच्या भोंडल्यात असतो. आमच्याकडे असते भुलाबाई. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, आणि गल्लीतल्या पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणते. तो हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. पुरुषांना तिथे उभंही राहू देत नाहीत. तिकडच्या सिनेमावाल्यांनी भुलाबाईचा भोंडला केला होता, आणि पुढे नायिकेनं डबा उघडला तर आत लाडूच लाडू, वर सतारीचा तुकडा.

“डबा रिकामा होता,” मोठी आई पुटपुटली.

मी मागे सरकून विचारलं, “तुले काय माहीत?”

“मीनंच ठेवला होता रिकामा.”

मग स्वयंपाकघरात तिनं सगळं सांगितलं. लग्न होऊन पहिलंच वर्ष. गल्लीतल्या पोरी भुलाबाई म्हणायला आल्या. सासूनं कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचून निजली, कारण सून दुपारी वाचत बसलेली सापडली होती. दारात पोरी, घरात शिक्षा. तिनं रिकामाच पितळी डबा झाकून पुढे केला. पोरींनी हलवला, वाजेना. वाजत नाही म्हणजे आत काहीतरी मऊ असणार. शिरा, खवा, पुरण, साऱ्यांची नावं घेऊन झाली. शेवटी पोरी हरल्या आणि हिला झाकण काढावं लागलं. “हसल्या त्या. मीही हसली. मंग न्हाणीघरात जाऊन रडली,” ती म्हणाली.

त्यावरच तिनं कादंबरी लिहिली होती. नागपूरच्या भावानं ती पुण्याला प्रकाशकाकडे पाठवली आणि टोपणनावही त्यानंच ठरवलं. मोठ्या बाबांना माहीत होतं. सासू जिवंत आहे तोवर सांगायचं नाही, ते म्हणाले, कारण पुस्तकातली सासू ही घरातलीच सासू होती. सासू गेली, तर नणंदेची सोयरीक जुळत होती. मग स्वतःच्या पोरींची लग्नं. काही ना काही असायचंच. मोठे बाबा स्वभावानं चांगले होते असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मीही पूर्वी म्हणायची. सिनेमा आर्वीच्या टॉकीजला लागला तेव्हा त्यांनी सगळं घर नेलं, स्वतः ढसाढसा रडले आणि घरी येताना बायकोला म्हणाले, “कोणाले सांगजो नको बरं.” त्यांचं रडणं सगळ्या टॉकीजनं पाहिलं तरी चालणार होतं.

पुढे नागपूरचा भाऊ वारला, पुण्याचं प्रकाशनही बसलं. तिच्या शब्दाशिवाय काही उरलं नाही, आणि बाईच्या शब्दाला आमच्या घरात काय भाव होता ते सांगायला नको.

“आता सांगू या ना,” मी म्हटलं.

ती हातातली डाळ पाखडायची थांबली. “मले हार नको, तुरे नको,” ती म्हणाली. “मरायच्या आधी त्या पुस्तकावर माहं नाव पाहाचं हाये. बस.”

मी दादाला सांगितलं. दादा म्हणजे तिचा मुलगा, दुकान तोच पाहायचा. आधी तो हसला. मग त्यानं आईकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. त्याला पटलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण म्हणाला काय, “आता काऊन उकरून काढता? आजीची बदनामी होईल.” आजी, म्हणजे तीच कुलूपवाली सासू, जाऊन जमाना झाला होता. मेलेल्या बाईच्या अब्रूची एवढी काळजी मी आमच्या घरात पहिल्यांदा पाहिली. पुढे दर सुटीत मी विषय काढायची आणि दादा ‘पाहू’ म्हणायचा.

पाहता पाहता नवं शतक आलं, आणि आमच्या गावच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्या लेखकाचा शोध लावला. कादंबरीतली बोली आर्वीकडची आहे, एवढं त्यांना बरोबर कळलं. मग आर्वीत लिहिता येणारा माणूस कोण, तर गावचे एक दिवंगत गुरुजी. गुरुजी बेचाळीसच्या चळवळीत आष्टीच्या बाजूला होते, जेलमध्ये जाऊन आले होते. म्हणूनच टोपणनाव, प्राध्यापक म्हणाले, आणि रिकामा डबा म्हणजे इंग्रजांनी लुटलेला देश. सासू म्हणजे राणीचं सरकार असावं. बाई कोणी असेल, असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. गावाला हे फारच आवडलं. स्वातंत्र्यसैनिक आणि वर कादंबरीकार, गावाला आणखी काय पाहिजे होतं!

सत्काराची कमिटी बसली आणि स्वागताध्यक्ष कोण, तर दादा. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. मी भांडले. तो म्हणाला, “सारं गाव एका बाजूनं हाये, तू काऊन नाट लावून राह्यली?” मोठी आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, “मी येऊ का कार्यक्रमाले?” दादाला वाटलं आई निवळली. त्यानं तिलाही काम दिलं. गुरुजींच्या बायकोला शाल घालायचं काम, गावच्या ज्येष्ठ वाचक म्हणून.

मंगल कार्यालयात तो सिनेमा दाखवला, लोक नेमानं रडले, आणि मग मोठ्या आईनं आपल्या हातानं ती शाल घातली. गुरुजींची बायको भाबडी म्हातारी, तिच्या कानाशी लागून म्हणाली, “मले तं माहीतच नोतं बाई, हे असं काही लिहितात म्हणून. साधं पोस्टकार्ड लिहाचं तं मलेच सांगत.” मी पहिल्या रांगेत होते, मला ऐकू आलं. मोठी आई तिच्या खांद्यावरची शाल नीट करत राहिली. त्या म्हातारीवर माझा राग नाही.

प्राध्यापकांचं भाषण संपलं आणि त्यांनी प्रश्न विचारायला सांगितलं. मी उभी राहिले. “गुरुजींनी भुलाबाई कधी पाहिली? डबा वाजला नाही की पोरी मऊ पदार्थांची नावं घेतात, हे त्यांना कोणी सांगितलं?”

“ताई,” प्राध्यापक हसून म्हणाले, “प्रतिभावंताला पाहावं लागत नाही.”

टाळ्या. माझं डोकं फिरलं. मी ओरडूनच सांगितलं, “पुस्तक यांनी लिहिलंय. माझ्या मोठ्या आईनं.”

सगळं कार्यालय तिच्याकडे वळलं. दादा माइककडे धावला, पण ती आधीच माइकजवळ होती. तिचा आवाज कापत नव्हता. “डबा मीनंच रिकामा ठेवला होता,” ती म्हणाली. “कोठीले कुलूप होतं. ते माहंच घर. पुस्तक मीनं लिहिलं.”

मला वाटलं, झालं, सुटलं एकदाचं. मग प्राध्यापकांनी तिच्या हातातला माइक अगदी अदबीनं काढून घेतला.

“पाहा,” ते लोकांना म्हणाले, “याला म्हणतात मोठी कलाकृती. वाचणाऱ्या प्रत्येक माउलीला ती आपलीच गोष्ट वाटते, आपणच लिहिली असं वाटतं. आईंसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, उभं राहून. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दादाही टाळ्या वाजवत होता, आणि तो माझ्याकडे पाहत नव्हता. तेवढ्या टाळ्या मोठ्या आईला जन्मात मिळाल्या नव्हत्या. तिनं सगळ्यांना हात जोडले आणि खाली उतरली. ती माझ्यासोबत घरी आली. दारात चपला काढताना म्हणाली, “चहा टाकजो वं.”

पुढे कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. आतल्या पानावर गुरुजींचा टोपीतला फोटो आणि खरं नाव, प्राध्यापकांची लांबलचक प्रस्तावना. मोठ्या आईनं ती हातात घेतली नाही. त्यानंतर टीव्हीवर तो सिनेमा लागला की ती उठून आत जायची. दोनेक वर्षांनी थंडीत गेली.

आमच्याकडे तेरवीला आलेल्यांना एक लहानसं पुस्तक वाटायची रीत आहे. बहुतेक हरिपाठ असतो, नाहीतर एखादी पोथी. पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो चिकटवतात आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून नाव छापतात. मी पंगतीतून उठले तेव्हा दादा मांडवाच्या तोंडाशी गठ्ठा घेऊन उभा होता. माझ्याही हातात त्यानं एक पुस्तक ठेवलं. हरिपाठ नव्हता, ती कादंबरी होती. उघडली, तर डाव्या पानावर गुरुजी, उजव्या पानावर मोठी आई, आणि तिच्या फोटोखाली तिचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत.

मी दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, अगदी मोठ्या बाबांचे टॉकीजमध्ये आले असतील तसे.

“आलं ना शेवटी तिचं नाव पुस्तकात,” तो म्हणाला, आणि मागच्या माणसाला पुस्तक द्यायला वळला.