साडूचं हरीण, माझा उभा फ्रीझर

मी आयुष्यात एकही हरीण मारलेलं नाही. तरी हरणाचं मांस ठेवायला मी फ्रीझर घेतला!

कारण माझा साडू मिलिंद. तो इथेच, न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात, आमच्यापासून पाच मिनिटांवर राहतो. पुण्यात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा हा माणूस इथे येऊन मित्रांबरोबर डोंगरात शिकारीला जायला लागला आणि चक्क हरणं आणायला लागला! तेव्हापासून माझ्या बायकोचा, मेधाचा, एकच जप : "भावोजींना बघा जरा!" (बघतच होतो. डोळे चुरचुरेपर्यंत.)

जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, मिलिंदचा फोन आला. "सतीश, माझा फ्रीझर भरला रे. वीस किलो मांस तुझ्याकडे ठेवू?"

आमचा फ्रीझर चिमुकला आहे, हे साडूला सांगायचं? छे! "ठेव की! मी मोठा घेतोच आहे, गॅरेजमध्ये."

"मग आडवा घे, पेटीसारखा. आणि गरम गॅरेजमध्ये चालेल का, ते विचारून घे. तुमचं गॅरेज फार तापतं."

त्याने आडवा सांगितला म्हटल्यावर मी उभा घेणार, हे उघडच होतं. दुकानातल्या बाईंनीही बजावलं, "हा गॅरेजसाठी नाही, घरात ठेवायचा."

"मॅडम, न्यूझीलंडमध्ये कसली आलीय गरमी? मी नागपूरचा आहे!" (फ्रीझर नागपूरचा नव्हता, हे नंतर कळलं.)

फ्रीझर आला. चकचकीत, दारावर आकडे दाखवणारा आणि मिलिंदपेक्षा वीतभर उंच! मिलिंदने मांस रचलं आणि गॅरेजच्या पत्र्याच्या दाराकडे बघत म्हणाला, "इथे पश्चिमेचं ऊन येतं रे."

"येऊ दे!" मी म्हणालो.

आलं. तिसऱ्याच दिवशी असं ऊन पडलं, की गॅरेजची भट्टी झाली. दुपारी आमची लेक ईरा धावत आली. "बाबा, युअर फ्रीझर इज क्रायिंग!"

दाराखालून लाल पाणी वाहत होतं. उणे अठराच्या जागी आकडा होता अधिक दोन! मेधाने मांसाला हात लावून पाहिला. "अजून गार आहे. आजच्या आज शिजवलं तर वाचेल."

"वीस किलो?"

"भावोजींनी डोंगर तुडवून आणलंय. फेकायचं नावसुद्धा काढू नका!"

मग मेव्हणी आली, मोठी पातेली आली, अख्खी गल्ली जेवायला बोलावली. मी पाच किलो कांदा चिरला. मिलिंद आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं रे असं." आणि अंगणात जाऊन शिकारीची गोष्ट सांगायला लागला! सगळे त्याच्याभोवती. मेधासुद्धा! रस्सा माझा, अंगण माझं, आणि "स्वीट अ‍ॅज, मिलिंद!" (म्हणजे इथलं 'झकास!') म्हणत लोक हात मिळवत होते त्याच्याशी. मी मागे नळाखाली पातेली घासत राहिलो, इतक्या रागाने, की त्यांची जुनी करपसुद्धा निघाली.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) गल्लीत नुकतेच राहायला आलेले, त्या दिवशी जेवून गेलेले आजोबा भेटले. "किया ओरा! मिलिंदकडे भांडी घासणारा तूच ना? शनिवारी माझ्याकडे पार्टी आहे. येशील कामाला?"

माझं रक्त उसळलं. पण तेवढ्यात मी सहज विचारलं, "मिलिंदला बोलावलंय?"

"नाही."

मी ताबडतोब हो म्हणालो.