माय बरी आहे

आता काय सांगू तुम्हाले बाप्पा! माणूस खोटं बोलून फसते, हे तुम्ही ऐकलं असेल. मी खरं बोलून फसलो. तेही एका गावात नाही, सायकलीवर बसून गावोगावी जाऊन फसलो. घ्या, चहा घ्या, सांगतो.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट असेल. शाळेत मी गेलो नाही, म्हणून साल पक्कं विचारू नका. गोसीखुर्दचं धरण व्हायचं होतं, वैनगंगा मोकळी वाहत होती, आणि आंधळगावाजवळच्या आमच्या टोलीवर, म्हणजे वस्तीत, सायकल एकट्या माझ्याकडं होती. आता सायकल ज्याच्याकडं, मौतीचा निरोप न्यायचं कामही त्याच्याचकडं! कोणाच्या घरी माणूस गेला की लोक माझ्या दारात.

मले ते काम जमत नव्हतं. भरल्या घरात जाऊन 'तुमचा बाप गेला' असं कसं म्हणावं? जीभच वळे ना. मंग मी सायकल कुंपणाले टेकवून म्हणायचो, "तसं बरं आहे. पण चला." लोक समजून जायचे. आत रडारड सुरू झाली की मी पाणीही न पिता पुढच्या गावाले. मौतीचा निरोप नेणाऱ्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नसते, आमच्याकडं तशी रीत.

त्या साली पावसाळ्यात माझी माय तापानं पडली. आम्ही आशा सोडली होती. पण दिवाळी झाली आणि माय उठून बसली, चुलीपाशीही जाऊ लागली. एक दिवस मले म्हणते, "किसना, सगळ्या सोयऱ्यांले जेवायले बोलाव. अन् सखूले संगच घेऊन ये."

सखू म्हणजे माझी मावशी, मायची पाठची बहीण. लाखांदूरच्या पुढं, चुलबंद नदीच्या काठी दिली होती. मावशीच्या पोरीच्या लग्नात मायले मागच्या पंगतीत बसवलं, तर माय भरल्या पानावरून उठून घरी आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"तिले सांगजो," माय खाली पाहत म्हणाली, "पानावरून मी उठली, ते माझं चुकलं. पण तिलेच सांगजो, गावभर करू नको. एक खेप तिचं तोंड पाहू दे मले. पुन्हा पडली तर उठीन का नाही, कोणाले ठाऊक."

मायच्या तोंडून असा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. सायकलले तेल पाजलं आणि निघालो.

पहिलं घर मामाचं. मामा दारातच बिडी ओढत बसला होता. मले पाहताच उभा झाला.

"काहून आला गा किसना?"

"मामा, माय एकदम बरी आहे. तुम्हाले सगळ्यांले बोलावलं."

मामाच्या हातची बिडी पडली. "बरी आहे म्हणते?"

"एकदम बरी!"

"बस, पाणी तर पी."

"नाही मामा, डोंगा चुकन माझा."

झालं! आतून मामीनं असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. मले काय वाटलं सांगू? बहीण वाचली, म्हणून हे आनंदानं रडून राहिले! मलेही भरून आलं. मीही मामाच्या गळ्यात पडून रडलो. आता सांगा, याच्यापरीस पक्की खबर कोणती पाहिजे?

डोळे पुसले आणि घाटावर आलो. सायकल डोंग्यात आडवी घातली, नदी पार केली. पुढं जंगल. साग, मोह, बांबूची रांजी, आणि अस्वलाची भीती! पूर्ण जंगलभर मी घंटी वाजवत गेलो. अस्वल आलं नाही, पण वाटेवरच्या गावाले मात्र मी येऊन राहिलो हे आधीच समजे. जिथं उतरलो, तिथं तेच. "माय बरी आहे" म्हटलं की बाया छाती पिटायच्या. मी आपला मनात म्हणे, केवढा जीव आहे माझ्या मायवर लोकांचा!

दुसऱ्या दिवशी मावशीच्या गावाले पोचलो. मावशी खळ्यावर धान उधवत होती, भोवताल निम्मं गाव. माझी सायकल दिसली आणि तिच्या हातचं सूप तसंच राहिलं.

"किसना... बाई कशी आहे गा?" मोठी बहीण म्हणून मायले ती 'बाई' म्हणे.

"बरी आहे मावशी. तुले बोलावलं."

मावशी मटकन तणशीत बसली. "बाई वो! त्या दिवशी हात धरून तुले बसवली असती, तर माझा हात झडला असता का वो? माझंच चुकलं वो बाई, माझंच!"

सगळ्या गावासमोर! मायचा निरोप माझ्या ओठावर आला होता. पण मी म्हटलं, मावशी आपणहून म्हणून राहिली, तर मायची मान कायले खाली करू? घरी समोरासमोर पाहून घेतील दोघी. अन् निरोप मी गिळला. अक्कल पाहा माझी!

मावशीनं दुकानातून कोरं लुगडं घेतलं. मले वाटलं, बहिणीले भेट. लाखांदूरहून आम्ही एसटीत बसलो, सायकल टपावर. मावशीचं रडणं थांबेच ना. कंडक्टर हळूच विचारते, "काय झालं बाईले?"

"बहिणीकडं चालली."

"काय झालं बहिणीले?"

"काहीच नाही जी. एकदम बरी आहे."

कंडक्टरनं डोक्यावरची टोपी काढली.

घरी आलो तर अंगणात माणूस मावे ना! सगळे सोयरे आदल्या दिवशीच रडत येऊन पडले होते, आणि माय त्यांच्या मधात बसून चहा वाटत होती. मामा माझ्यावर धावला, "ये रे येड्या! तिरडीचे बांबू तोडून आणले मी! तुझी माय म्हणते, त्यायचा वालाच्या वेलाले मांडव कर!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं 'बरं आहे' म्हणजे काय, ते मले सोडून सगळ्यांले ठाऊक होतं.

माय तर कालपासून हसूनच राहिली होती. त्याच भरात तिनं मावशीले पाहिलं आणि बोलून गेली, "आली का वं सखू? जिती होती तवा पाय वळला नाही, अन् मेली म्हणताच धावली!"

अंगण हसलं. मावशी हसली नाही. मढ्यावर घालाले आणलेल्या हातातल्या लुगड्याकडं तिनं पाहिलं, मंग माझ्याकडं.

"खळ्यावर गावासमोर मले रडवून घेतलं, अन् इथं हसाले बसले?" लुगडं ओट्यावर ठेवलं आणि आल्या पायी परत फिरली.

माय उठेपर्यंत मावशी गल्लीच्या टोकाले. मी धावलो. तलावाच्या पाळीवर तिले गाठलं. "मावशी, थांब वं! माय म्हणे, पानावरून मी उठली, ते माझं चुकलं. खरंच म्हणे!"

मावशी थांबली. माझ्या तोंडाकडं पाहिलं. "लोकाले गोड सांगाचं, हेच काम केलं तू आजवर. तुझ्या तोंडचं कोण खरं मानते गा?" आणि गेली.

परत येऊन मायजवळ बसलो. म्हटलं, "मावशी खळ्यावर रडत होती माय. माझंच चुकलं म्हणे."

"सखू? ती म्हणन?" मायनं डोळे पुसले. "राहू दे बापू. तू सगळ्यांले बरंच सांगते."

पुढं मी लय खेपा घातल्या, पण ना ही तिकडं गेली, ना ती इकडं आली. आता दोघीही नाहीत. दोघीही 'माझं चुकलं' म्हणाल्या, आणि दोघीही मलेच म्हणाल्या.

आता तेच म्हणायची पाळी माझी आली, तर ऐकायले त्यातली एकही नाही. म्हणून तुम्हाले सांगून राहिलो. तुम्हाले तरी खरं वाटते ना जी?