अण्णांच्या कमरेचा कोयता
ताज्या कापलेल्या गवताचा वास आला की मला शनिवारवाड्यासमोर थांबलेली ती बस आठवते. रिहे गावातली आमची भातखाचरं आजोबांनीच विकून टाकलेली, आणि माझे वडील, अण्णा, त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या फार्महाऊसचं गवत कापायचे. माझ्या कॉलेजप्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ते सकाळचं गवत कापून तसेच माझ्याबरोबर पुण्याला आले. कॉलेजचे क्लार्क दुपारी भेटणार होते, म्हणून तोवर आम्ही शहर दाखवणाऱ्या बसमध्ये बसलो. "ही पेशव्यांची राजधानी," गाईड सांगत होता. वाड्याचा दरवाजा बघायला अण्णा खिडकीकडे वाकले, सदरा वर सरकला आणि कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवलेला कोयता दिसला. आमच्याकडे माणूस कोयता करगोट्यासारखा बाळगतो. पुण्यात तेव्हा कोयता गँगची दहशत होती. "कोयता! धरा त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि चार-पाच जण तुटून पडले. त्यांनी अण्णांचं तोंड सीटच्या दांड्यावर आपटलं, खाली ओढून लाथा घातल्या. "माझा बाप हाय त्यो! गवत कापतोय त्यो!" म्हणत मी एकाच्या मनगटाला कडकडून चावले, तेव्हा कुठे ते थांबले. "सॉरी हं काका, पण असं घेऊन फिरतं का कुणी?" एक जण म्हणाला. अण्णा रक्त थुंकले. "मग गवत काय दातानं कापू? त्यो बी पाडला तुमी." मी पोलिसांना फोन लावायला लागले, तर अण्णांनी माझा हात धरला. "त्ये मागनं. आदी तुजं ॲडमिशन. चारला खिडकी बंद व्हतीया." फाटक्या सदऱ्यातच त्यांनी पालकाच्या सहीच्या जागी अंगठा उठवला. मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे.