कोरियन किराणा

सासूबाई अंबाजोगाईच्या दवाखान्यात होत्या आणि त्यांच्यापाशी मी एकटीच राहत होते. तिथंच कॉलेजात शिकणारी माझी लेक एका संध्याकाळी आली. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सुनेला लक्ष ठेवायला सांगून तिनं मला बाहेर काढलं. "आई, इथं कोरियन किराणा दुकान निघालंय. बघ तरी."

दुकान लहानच, पण आत एसीचा गारवा होता. पाकिटांवरचं एकही अक्षर मला वाचता येईना. लेक एकेक हातात देत राहिली. हे समुद्रातलं शेवाळ, ही आंबवलेल्या मिरचीची पेस्ट. मी नुसती मान हलवत होते. दुकानवाल्या बाईंनी त्यांच्या कोबीच्या लोणच्याची फोड चाखायला दिली. आंबट, तिखट, लसणाचा दरवळ. कितीतरी दिवसांनी तोंडाला चव आली.

"अजून द्या की," मी म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली.

लेक नूडल्स निवडेपर्यंत मी कोपऱ्यातल्या तांदळाच्या गोणीवर टेकले. तिथंच डोळा लागला. जाग आली तेव्हा ती समोर उकिडवी बसली होती.

"लई वेळ झाला का गं?"

"झोप. वॉर्डात फोन केलाय, आजी शांत झोपलीय."

दुकानवाल्या बाईंनी माझ्या डोक्यावरचा दिवा तेवढा मालवला. मी पुन्हा डोळे मिटले.