आधी चहा

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या आसपास रस्ता कुठेही खणा, नारंगी ड्रम आणि ‘पुढे काम चालू’च्या पाट्या मांडायला कुणीतरी लागतंच. गेली सहा वर्षं ते कुणीतरी म्हणजे चारुता टिल्लू. सांगलीचा सिव्हिल डिप्लोमा, मग इथल्या रस्त्यांवर तीन उन्हाळे हातात ‘थांबा’ची पाटी, आणि मग स्वतःची कंपनी: एक ट्रक, चार माणसं, चारशे ड्रम.

आता हायवेचं मोठं काम तोंडाशी आलं होतं. मुख्य कंत्राटदाराची अट एकच: महिनाअखेरपर्यंत ‘वंचित लघुउद्योग’ असल्याचं सरकारी प्रमाणपत्र आण. बाईच्या मालकीची कंपनी त्यात मोडते. त्यासाठी तपासनीस बाई घरच्या ऑफिसात येऊन बघणार होत्या, कंपनी खरंच ही चालवते की नवऱ्याने नुसतं बायकोचं नाव पुढे केलंय.

“तू फक्त हसायचं. बोलायचं नाही,” तिने नवऱ्याला, श्रीरंगला बजावलं.

“मी नोकरीत मॅनेजर आहे यार. मीटिंगमध्ये गप्प बसायचाच पगार घेतो.”

दहाला तपासनीस मिसेस कार्टर आल्या, बसल्या, फाइल उघडली. आणि तीन आठवडे घोकंपट्टी केलेली चारुता म्हणाली, “चहा टाकते हं,” आणि सरळ आत गेली. पाहुणा टेकला की तिचे पाय ओट्याकडेच वळायचे, त्यांना कोण सांगणार?

आलं किसताना तिला बाहेरचं ऐकू आलं.

“टेंडरचा आकडा कोण ठरवतं?”

“आम्हीच. शेवटचा हात माझा,” श्रीरंग म्हणाला.

किसणी थांबली. बाहेर पेन मात्र चालूच होतं.

“माणसं कोण नेमतं?”

“तेही बघतो मी.”

आता धावत जावं तर पढवलेलं वाटेल, न जावं तर काम गेलंच.

“ताशी पंचावन्न मैलांचा रस्ता. लेन बंद करताना तिरक्या रांगेत दोन ड्रममध्ये अंतर किती?”

“शंभर फूट,” श्रीरंगने मॅनेजरी थाटात ठोकून दिलं.

चारुता किसणीसकट बाहेर आली. “पंचावन्न. बारा फुटी लेनला रांग सहाशे साठ फूट. शंभरवर ठेवले तर मधून ट्रक घुसेल आणि माझा माणूस जाईल. मी स्वतः चालून मोजते, बावीस पावलं.”

कार्टरबाईंनी दोघांकडे पाहिलं. “मग टेंडरमध्ये हे काय बघतात?”

“स्पेलिंग. ते चांगलं बघतो.”

बाई हसल्या नाहीत. “आणि मुलाखत सोडून तुम्ही आत कशाला गेलात?”

“आमच्याकडे आधी चहा, मग काम. चूक झाली.”

बाईंनी लिहिलेल्या पानावर तिरकी रेघ मारली, कोरं पान घेतलं आणि खुर्ची चारुताकडे वळवली. तेवढ्यात आतून चुर्र आवाज आला. दोघंही नवरा-बायको जागचे हलेनात.

“मिस्टर टिल्लू,” बाई मान वर न करता म्हणाल्या, “दूध उतू जातंय. मला साखर कमी.”

प्रमाणपत्र अठ्ठावीस तारखेला आलं. फ्रेम श्रीरंगने निवडली. तेवढा निर्णय तिने त्याच्यावर सोडला.