ड्रॉवरमधले बॅज

नगरच्या ज्या हॉस्पिटलात मी कॅथ लॅब टेक्निशियन म्हणून लागले, तिथली एक्स-रेची किरणं फार सभ्य होती. कर्मचाऱ्यांच्या अंगाला ती शिवतच नसत. दिवसभर एक्स-रेखाली पेशंटच्या हृदयापर्यंत तारा जायच्या, पण आमच्या अंगावर किती किरणं पडली हे मोजणारे बॅज दर तीन महिन्यांनी तपासून यायचे ते शून्य घेऊन. त्या अहवालांची फाइल आमचे सर, म्हणजे लॅबचे मुख्य डॉक्टर, पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवायचे.

बॅज ड्रॉवरमध्ये असायचे, ग्लुकोज बिस्किटांशेजारी. जामखेडकडच्या मोठ्या सिस्टर बारा वर्षं याच लॅबमध्ये होत्या. बॅज हरवला तर वरून पत्र येतं, म्हणून तो घालायचा नसतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. मी मान डोलावली आणि माझा बॅज किरणं अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनखाली लावला. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

तीन महिन्यांनी सगळ्यांच्या नावापुढे शून्य आलं, माझ्या नावापुढे आकडा. सरांनी बोलावलं. या लॅबला आजवर असा डाग लागला नव्हता, म्हणाले. उद्यापासून माझा बॅज ड्रॉवरमध्ये, नाहीतर मी ईसीजीच्या खोलीत.

"फक्त तुलाच कशी लागतात गं किरणं? उभी कुठे असतेस?"

"तुमच्या मागे, सर. दोन पावलं."

मशीनच्या बाजूने मोजलं तर माझ्या आधी कोण उभं असतं, हे सरांना कळायला थोडा वेळ लागला.

पुढची केस घोडेगावच्या बाजारातल्या म्हशींच्या व्यापाऱ्याची होती. एरवी सर गप्पांत रमले की पाय पेडलवरच राहायचा, आणि पाय आहे तोवर किरणं चालूच. त्या दिवशी बोलण्याआधी दर वेळी पाय उचलला जात होता. पडद्यावरचं चित्र सारखं थांबताना पाहून व्यापाऱ्याने झोपल्या झोपल्या विचारलं, "डॉक्टर, लाईट गेली का काय?" केस संपून सरांनी एप्रन काढला, तेव्हा त्यांच्या छातीवर बॅज दिसला. क्लिप गंजलेली, म्हणून चिकटपट्टीने लावलेला.

मग सिस्टरांनीही ड्रॉवर उघडला. आपला बॅज हातात घेऊन त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, ह्याच्यात मागल्या बारा वर्षांचं बी दिसंल का?"

"नाही, सिस्टर."

"बरं," म्हणून त्यांनी तो लावला, आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.