बुडणाऱ्यांची पंगत

आबा चप्पल हातात घेऊन धरणाच्या पायथ्याने चालत. बऱ्हाणपूरकडच्या देडतलाईजवळच्या नाल्यावर त्यांच्या आजोबांनी घातलेली ती मातीची पाळ. सरकारची नव्हे, घरची. रोज सकाळी अनवाणी फेरी, मगच न्याहारी. "चप्पल घातली की पाळ खोटं बोलते," असं ते म्हणत. माती कुठे पाझरते हे तळपायाला आधी कळतं. पाळीखाली त्यांच्या केळीच्या बागेत राबणाऱ्यांची घरं होती, त्यात आमचंही. आम्ही त्या फेरीच्या भरवशावर झोपत असू.

आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आबांच्या पायाला ओल लागली. पावसाळ्यात धरण पुरतं भरलं तर पाळ टिकेल, याची त्यांना खात्री वाटेना. सांडवा खोल करून पाणीच कमी साठवायचं, तर पलीकडची जमीन सरकारी, परवानगी हवी. ती मिळे फक्त पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे धोकादायक धरणाला. आणि श्रेणी ठरे ती पाळ किती कच्ची यावरून नाही, तर फुटल्यास खाली कोण बुडेल यावरून.

श्रेणी ठरवायला आलेले नवे सरकारी साहेब पाळीवर उभे राहून जुना नकाशा पाहत म्हणाले, "नीचे तो कोई रहता ही नहीं. सिर्फ घास है. तीसरी श्रेणी."

समोर आमच्या चुलींचा धूर निघत होता.

"तो साहब, घास खाना पका रही है क्या?" आबांनी विचारलं.

"कागज में नहीं है, दादाजी."

आबा भांडले नाहीत. त्यांनी साहेबांना जेवायला थांबवून घेतलं. त्यांच्या पंगतीचा एकच कायदा होता: वाढणाऱ्याने बसलेल्या कोणाचंही पान वगळून पुढे जायचं नाही. आंब्याखाली उभं राहून त्यांनी हाक दिली, "जो आधी बुडेल तो आधी बसेल!"

मग भांडणं जुंपली. आई दुसऱ्या ओळीतून उठली. "आबा, असा अन्याव नका करू. गणपतच्या आधी आमचं घर बुडतं!"

"कशावरून? माझा उंबरा खाली आहे," गणपत म्हणाला.

"तुझा उंबरा राहू दे. पाणी पयले माझ्या चुलीत येईल."

आबांनी पाळीकडे पाहिलं, दोन्ही घरांकडे पाहिलं आणि न्याय दिला, "गणपत, सरक. बाई, पहिल्या पानावर बस."

शिंप्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "आबा, माझ्याकडे गुडघाभरच येईल."

"गुडघाभरवाले मागे."

आबांनी वरणाची बादली साहेबांच्या हातात दिली. "आज परोसने का मान आपका." साहेब प्रत्येक पानापाशी वाकत गेले. बादली दोनदा भरावी लागली. शेवटी घाम पुसत त्यांनी विचारलं, "और कितने हैं?"

"आप ही बताइये. कागज में तो कोई नहीं."

साहेबांनी हात धुतले आणि तिथेच पहिली श्रेणी लिहिली.

पण परवानगी भोपाळहून यायची होती, आणि धरणाची फाईल अजून नागपूर सोडून निघाली नव्हती. आभाळ भरून आलं, तेव्हा आबा म्हणाले, "पाऊस काही भोपाळला विचारून येत नाही." माझ्या वडिलांना घेऊन त्यांनी स्वतःच सांडवा खोल केला. त्या वर्षी धरण अर्धंच भरलं. पाळ टिकली, आबांची केळीची बाग मात्र होळीनंतर उभ्या उभ्या वाळली. परवानगी आली तोवर सांडव्यावर गवत उगवलं होतं. आबांनी ती तिथे नेऊन सांडव्याला वाचून दाखवली. "त्याच्या नावाची आहे," म्हणाले.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. घर उभं राहिलं, म्हणून घरातला पहिला. पुढे बऱ्हाणपुरात मास्तर झालो, तिथल्याच लालबागेत राहू लागलो, आणि एक दिवस आबांच्या तेरवीला गावी आलो.

त्या दिवशी ओळी कोणी लावल्या नाहीत. माणसं आपसूकच बसली, आधी बुडणारी आधी. शिंपी मागे. पहिल्या पानावर आई. बादली माझ्या हातात होती. मी वाढायला वाकलो, तर तिने पानावर हात आडवा धरला.

"आज पाळीवर कोणी गेलं नाही," ती म्हणाली.

सारी पंगत थांबली. मी बादली खाली ठेवली आणि अनवाणी निघालो.